४२ नंतरचे आठ किलोमीटर: नागपूर ते रामटेक धावायचं आहे, अनुभवी मंडळींनी बोलावं

फुटाळ्याची_पहाट | २ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वय ४४, शाळेत गणित शिकवते, राहते रवीनगरला. सहा वर्षांपूर्वी साखर काठावर आली म्हणून फुटाळ्याला चालायला लागले आणि चालता चालता धावणं लागलं. चार हाफ मॅरेथॉन (२१ किमी) झाल्या. गेल्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन (४२ किमी) ५ तास १२ मिनिटांत झाली आणि त्याच हुरुपात फेब्रुवारीत ५० किमीच्या एका शर्यतीत उतरले. तिथे ३८व्या किमीला बसले ती उठलेच नाही. त्या दिवसाबद्दल नीट विचारायचं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आदल्या रात्री गुडघा ठणकत होता म्हणून निघताना वेदनाशामक गोळी घेतली. तहान लागायच्या आधी प्यायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी प्यायले. खाणं म्हणाल तर सगळ्या वाटेत दोन केळी. तिसाव्या किमीपर्यंत झकास चाललं होतं. मग डोकं जड झालं, मळमळायला लागलं. बोटं इतकी सुजली की अंगठी फिरेना, घड्याळाचा पट्टा दोन घरं सैल केला. तिथला एक स्वयंसेवक म्हणाला, ताई, पाणी कमी पडलं तुम्हाला, अजून प्या. प्यायले आणि सगळं उलटून पडलं. ३८ला खुर्चीत बसले तर नवऱ्याचा फोन नंबर आठवेना. तेव्हा मात्र घाबरले आणि बिब (छातीवरचा शर्यतीचा नंबर) काढून दिला.

आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये सगळे मायेनेच म्हणाले, ४२च्या पुढे मनाचा खेळ असतो, तुझं मन तिथे कमी पडलं. सात महिने झाले, ते वाक्य पाठ सोडत नाही.

आता डिसेंबरात ५० पुन्हा करायचे आहेत. शर्यत नको, मेडल नको. झिरो माइलपासून निघायचं आणि कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला गडाच्या पायथ्याशी पोचायचं. साधारण ५० भरतात. लहानपणी बाबांसोबत त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला एसटीने जायचो, तोच रस्ता. जमेल का? आणि त्या दिवशी खरंच मन कमी पडलं का?

---

तर्रीपोहे | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, धाग्यावर लक्ष ठेवून आहे. मी स्वतः २१च्या पुढे गेलो नाही, पण माझे वडील दरवर्षी नागपंचमीला पचमढीची नागद्वारी यात्रा करायचे. पावसात, निसरड्या दगडांवरून. ते नेहमी म्हणायचे, पहिल्या डोंगरावर जो ओरडत पळतो त्याला शेवटच्या डोंगरावर उचलावं लागते. धावण्याला हे लागू होते की नाही ते जाणकार सांगतील.

---

काटोलकर | ३ सप्टेंबर, सकाळी ६:०५

ताई, मन कमी पडलं हे मले पटत नाही. जी बाई पोटात मळमळत असताना आठ किलोमीटर अजून ओढते तिचं मन कमी कसं?

आमच्याकडे एप्रिल-मे मधी वावरात माणसं दिवसभर राबतात. नुसतं पाणी कोणी पेत नाही. ताक राहते, त्यात मीठ. भाकरीसंग कांदा, मिरची, मीठ. माही आजी सांगे, उनात नुसतं पाणी पेल्यानं पोट डब्ब होते अन् डोक्स फिरते. तिले शास्त्र माहीत नव्हतं, पण माणसं पडताना तिनं पाह्यली होती.

---

पहाटवारा | ३ सप्टेंबर, रात्री ८:३०

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे आणि गेली दहा वर्षं धावतो. त्या दिवशी रक्त तपासलं गेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे निदान करणार नाही. पण ताई, तुम्ही लिहिलेलं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. सुजलेली बोटं, जड डोकं, मळमळ, उलटी, ओळखीचा नंबर न आठवणं आणि त्याआधी तासन्तास भरपूर साधं पाणी. हे पाणी कमी पडल्याचं चित्र वाटत नाही. रक्तातलं सोडियम पातळ झाल्याचं वाटतं. त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की तो सुरू होतो. फारच खाली गेलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, माणूस दगावतो.

हे दुर्मीळ आहे असं समजू नका. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांना हायपोनेट्रेमिया निघाला. धोका कोणाला जास्त, तर धावताना ज्यांचं वजन वाढलं त्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्यांना. म्हणजे आपल्यासारख्या सावकाश धावणाऱ्या हौशी लोकांना. वेगवान धावकाला एवढं प्यायला फुरसतच नसते.

त्यात गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि जादा पाणी बाहेर टाकायची त्याची ताकदही घटवतात. लांब अंतराच्या दिवशी या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. गुडघा एवढा दुखत असेल की गोळी हवी, तर त्या दिवशी धावायचं नाही. धावल्यानंतर लघवी गडद तपकिरी, कोलासारखी झाली तर थेट दवाखाना गाठायचा, घरी थांबून बघायचं नाही.

त्या स्वयंसेवकाला दोष देत नाही, त्याला तेवढंच शिकवलं असणार. पण तिथे अजून दोन ग्लास प्यायल्या असतात तर? बिब काढून दिलात तो त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

---

फुटाळ्याची_पहाट | ३ सप्टेंबर, रात्री ११:२०

डॉक्टरसाहेब, दोनदा वाचलं. मग नवऱ्याला वाचून दाखवलं. सात महिने स्वतःला ज्या गोष्टीसाठी बोल लावत होते ती मिठाची होती हे पचायला वेळ लागतोय. आज एवढंच लिहिते.

---

धरमपेठी | ४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

काळजीपोटी लिहितो, राग मानू नये. चाळिशीनंतर एवढं धावल्याने गुडघ्यांची वाट लागते. माझ्या दोन मित्रांचे गुडघे गेले. रोज पाच किलोमीटर चाला, पुरे आहे.

---

पहाटवारा | ४ सप्टेंबर, दुपारी २:१०

धरमपेठी, ही शंका दवाखान्यात रोज ऐकतो. २०१७ मध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवातावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. हौशी धावकांत त्याचं प्रमाण ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक, उच्च पातळीवरच्या धावकांत १३.३ टक्के. म्हणजे धावण्याने गुडघे जातातच असं नाही, पण अतिरेकाला किंमत असते हेही त्यातच आलं. जुनी दुखापत, जास्तीचं वजन, एकदम वाढवलेलं अंतर ही कारणं जास्त खरी. तुमच्या मित्रांचं काय झालं ते त्यांना न बघता सांगता येणार नाही.

---

मुळामुठा | ४ सप्टेंबर, रात्री ९:०५

पुण्याहून लिहितोय, पण माहेर... म्हणजे माझं आजोळ महालातलं, म्हणून नागपूरच्या धाग्यावर राहवत नाही.

मी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स एकदा धावलो आहे. डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधलं साधारण ९० किमी, १९२१ पासून चालू. बारा तास पूर्ण होताना शेवटच्या रेषेवर एक माणूस धावकांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. त्यानंतर एक पाऊल उशिरा आलेल्यालाही मेडल नाही. मी पोचलो तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. मागे वळून बघितलं तर माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येत होती. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

ताई, तिथे एक गोष्ट समजली ती सांगतो. साठाव्या किमीला माझ्या पुढे जाणारे बहुतेक लोक असे होते जे पहिल्या चढापासून ठरवून चालत होते. दमल्यावर चालणं आणि दमायच्या आधी चालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेचे जेफ गॅलोवे, १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला माणूस, आयुष्यभर हेच शिकवत आले: थोडं धाव, थोडं चाल, पहिल्या मिनिटापासून. तुम्ही चार मिनिटं धावणं आणि एक मिनिट झपझप चालणं करून बघा. पहिल्या दहा किमीत सगळं जग पुढे जातंय असं वाटेल. वाटू द्या.

आणि बायकांनी एवढं लांब धावावं का असं कोणी विचारलं तर सांगा, १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईने कॉम्रेड्स पूर्ण केली, बायकांना अधिकृत प्रवेश नसताना. तो प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडलं.

---

सेमिनरीहिल्स | ५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मी थोडं वेगळं मत मांडतो. ताई, डिसेंबरात ५० करू नका. आधी जानेवारीत अजून एक फुल नीट खाऊन-पिऊन करा, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टेडियममधली बारा तासांची धाव बघा. तिथे ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५० किमी म्हणजे १२५ फेऱ्या, दर फेरीला तुमचं टेबल, तुमचा डबा, डॉक्टर समोर. हायवेवर यातलं काही नाही. या ट्रॅकचं वेड जगभर आहे. ग्रीसच्या यानिस कुरोसने १९९७ मध्ये २४ तासांत ३०३ किमी केले होते. तो विक्रम चोवीस वर्षं कोणाला हलला नाही. लिथुआनियाच्या अलेक्झांडर सोरोकिनने २०२१ मध्ये तो मोडला आणि २०२२ मध्ये थेट ३१९ किमीवर नेला.

तरी रामटेकच करायचं असेल तर तयारीबद्दल दोन शब्द. एका दिवसात ४०-४५ किमी करायच्या भानगडीत पडू नका. शनिवारी २४ आणि रविवारी थकलेल्या पायांनी १६, असं सलग दोन दिवस करा. पन्नासाचे शेवटचे किलोमीटर कसे लागतात ते त्या रविवारी कळते. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा. वेग असा ठेवा की बाजूच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. चढासाठी आपल्याकडे डोंगर नाहीत, पण टीव्ही टॉवरचा चढ सहा वेळा घ्या, पोटऱ्या बोलतील. बाकी सिव्हिल लाइन्समध्ये वॉकर्स स्ट्रीट आहेच.

---

निळी_ओढणी | ५ सप्टेंबर, रात्री १०:००

ताई, एक बाई म्हणून तीन गोष्टी. फेरिटिन तपासून घ्या. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं तरी वर्षभर पाय शिशासारखे जड, शेवटी लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला. दुसरं, पहाटे साडेतीनला हायवेवर एकटीने नाही, कोणी कितीही धीट म्हटलं तरी. सोबत एक स्कूटर, मागे लाल लुकलुकता दिवा, अंगावर चमकणारं जॅकेट आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावायचं. कामठी रोडला पहाटे ट्रक थांबत नाहीत. तिसरं, काखा, मांड्या, ब्रेसियरची पट्टी, जिथे घासतं तिथे भरपूर व्हॅसलिन. माझी पाठ एकदा सोलून निघाली होती, अंघोळीचं पाणी पडल्यावर रडले.

---

फुटाळ्याची_पहाट | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

मधे सत्र परीक्षा होत्या. आता हिशेब मांडते, गणिताच्या बाईला त्याशिवाय चैन पडत नाही.

डॉक्टरसाहेबांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं घाम मोजला. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करायचं. गेलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी, म्हणजे घाम. सप्टेंबरच्या दमट सकाळी एक तास धावले: ५७.८ किलोचे ५७ झाले, वाटेत पाव लिटर प्यायले होते. म्हणजे तासाला लिटरभराहून थोडा जास्त घाम! एप्रिलच्या कोरड्या उन्हात घाम लगेच उडून जातो म्हणून कळत नाही, भादव्यात तो अंगावरून नुसता गळतो आणि अंग थंडही होत नाही. परवा, जरा गार सकाळी, हाच आकडा पाऊण लिटर आला. फेब्रुवारीत मी तासाला लिटर-सव्वा लिटर पीत होते, थंडीत. आता चूक कुठे होती ते मला फळ्यावर मांडून दाखवता येईल.

खाण्याचा हिशेब: एक किमी धावायला शरीर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी घेतं. माझे ५८ किलो, ५० किमी, म्हणजे २,९०० च्या आसपास. शरीरात साठवलेली साखर फार तर दीड-दोन हजारांची. चरबी मदत करते, पण हळू. म्हणून तासाला ४० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत असं ठरवलं. धावकांसाठी मिळणारे तयार साखरेचे जेल दोनदा घेतले, गोड चिकट चवीने उमासे आले. मग घरचंच: मिठात उकडलेले छोटे बटाटे, राजगिऱ्याचा लाडू, गुळाचा खडा, केळं. दर लाँग रनला तेच आणि तेवढंच, पोटाला सवय होईपर्यंत.

फेरिटिन कमीच निघालं, निळी_ओढणी. गोळ्या सुरू आहेत. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सेमिनरीहिल्स दादा, तुमचं म्हणणं खूप विचार करून बाजूला ठेवलं. मला तोच रस्ता हवा आहे.

---

पहाटवारा | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४५

हिशेब चोख आहे. एकच भर: घामाचा आकडा हा वरची मर्यादा समजा, त्याच्यापेक्षा जास्त कधीच प्यायचं नाही. त्याच्या आत तहान सांगेल तेवढं. अर्धं पाणी ओआरएसचं ठेवा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघूनच घ्या. त्या सूत्राने एका लिटरमध्ये पावणेदोन ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

सोबत येणाऱ्यांना आत्ताच शिकवून ठेवा: तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, चालताना झोकांड्या गेल्या, तर धाव तिथेच संपली. तुम्ही काहीही म्हणालात तरी.

---

फुटाळ्याची_पहाट | १५ डिसेंबर, दुपारी ४:३०

काल झालं.

पहाटे साडेतीनला झिरो माइल. सोबत नवरा स्कूटरवर, माझी एक सहकारी शिक्षिका कन्हानपर्यंत धावायला आणि तिचा मुलगा सायकलवर. थंडी अशी की हातमोजे घालूनही बोटं वाकेनात. पहिल्या मिनिटापासून चार-एक, चार-एक. इंदोऱ्याच्या आसपास आमच्यापेक्षा वेगाने चालणारे एक आजोबा पुढे निघून गेले, हात वर करून.

कामठीची छावणी अंधारातच गेली. कन्हानच्या पुलावर धुकं एवढं दाट की नवऱ्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता, नदी नुसती ऐकू येत होती. तिथे मैत्रीण थांबली, मी बटाटा खाल्ला. मला बटाट्याची चव आठवते, यावरूनच मला कळत होतं की डोकं ठिकाणावर आहे. दर तासाला नवरा एक प्रश्न विचारायचा: माझा फोन नंबर सांग. दर तासाला मी दहाही आकडे सांगितले.

तिसावा आला तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला बोलू. बोटं सारखी बघत होते. अंगठी फिरत होती. ३८व्या किमीला थांबले. ठरवलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. रस्त्याच्या कडेला एक मिनिट उभी राहिले. काही म्हणाले नाही, कोणी काही विचारलं नाही. मग पुन्हा चार-एक.

चाळीसनंतर मांड्या दगड झाल्या. ४३ ते ४६ हे चार किमी मी जवळजवळ चाललेच, उन्हं अंगावर आलेली, डोळ्यांत मीठ. मनसरला उजवीकडे वळणाच्या अलीकडे एक पांढरी गाडी उभी आणि शेजारी एक अनोळखी माणूस हातात टोपली घेऊन. म्हणाला, ताई, मी काटोलकर. आंबिया बहाराची संत्री. सोलून, फोडींवर मीठ टाकून आणली होती. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. ती फोड तोंडात घातली आणि मला रडू आलं.

तिथून गड दिसतो. शेवटपर्यंत दिसत राहतो आणि जवळ येत नाही. पायथ्याशी पोचले तेव्हा ११ वाजून ८ मिनिटं. ७ तास ३८ मिनिटं. पाणी एकूण साडेतीन लिटर, त्यातलं अर्ध्याला थोडं कमी ओआरएस. वजन ५७.६ होतं, घरी येऊन ५६.९. पायाच्या दोन नखांचा रंग गेलाय. गोळी एकही नाही.

---

काटोलकर | १५ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

ताई, संत्री माह्या बागेतली होती, त्यात काय एवढं. तुमी त्या वळणावर आल्या तवा मले वाटलं थांबतील. तुमी फोड खाल्ली अन् चालून नाही, पळत गेल्या. माही पोरगी गाडीत होती, सातवीत आहे. रस्ताभर तुमच्याबद्दलच विचारून रायली होती.

---

सेमिनरीहिल्स | १५ डिसेंबर, रात्री ८:००

माझा सल्ला ऐकला नाही याचा आज आनंद आहे. ३८ला उभ्या राहिलात ते वाचून मी पण दोन मिनिटं थांबलो. आता पंधरा दिवस धावू नका, फक्त चाला. बरं वाटायला लागलं तरी.

---

धरमपेठी | १५ डिसेंबर, रात्री ९:२५

पूर्ण धागा आज वाचला. ताई, अभिनंदन. एक विचारायचं होतं. माझं वय ५१, तीन महिन्यांपासून रोज पाच किमी चालतो आहे, थोडं धावून बघावं असं वाटते. कोणासोबत सुरुवात करू?

---

फुटाळ्याची_पहाट | १५ डिसेंबर, रात्री ९:५०

दादा, आधी पहाटवारांकडून किंवा तुमच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, रक्तदाब आणि ईसीजी. मग जानेवारीच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला लेडीज क्लब चौकात या. तोपर्यंत मीही चालतेच आहे, आपण सोबत सुरू करू. एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं. घरून निघताना वजन करून या, बटाटे मी आणते.